आजोबांची जन्मनोंद आणि नातवाचे राष्ट्र

गोव्यात वकिली करणाऱ्याला एक प्रसंग चांगलाच परिचयाचा असतो. पंचविशीतला एखादा तरुण कचेरीत येतो, पिशवीतून जपून आणलेला एक जुना कागद काढतो आणि मेजावर हलकेच उलगडून ठेवतो. कागद पोर्तुगीज भाषेतला. ती भाषा त्या तरुणाला अवगत नसते. त्यावर त्याच्या आजोबांच्या जन्माची नोंद असते. ज्या सत्तेच्या दप्तरात ती नोंद झाली, ती सत्ता १९६१ साली या भूमीवरून गेली. तथापि त्या नोंदीच्या आधारे नातवाला आजही पोर्तुगालचे नागरिकत्व मागता येते. आजोबांनी कदाचित मांडवीपलीकडचा मुलूखही फारसा पाहिलेला नसतो. नातू त्यांच्या नावावर समुद्र ओलांडू पाहतो. त्याला ‘तू कोणत्या देशाचा?’ असे विचारले, तर तो क्षणभर अडखळतो. त्याच्यापाशी उत्तरे एकाहून अधिक असतात, आणि कायद्याला बहुधा एकच हवे असते.

ही अडचण केवळ आपल्या किनाऱ्याची नाही. प्रशांत महासागरातील चिमुकल्या बेटांच्या वंशजांनी असाच कागद हाती घेऊन एका खेळाचे चित्र पालटून टाकले आहे. तो खेळ म्हणजे रग्बी लीग. त्यातील राष्ट्रीय संघांची पात्रता ठरविणारे नियम कसे घडत गेले, त्यांनी लहान राष्ट्रांना काय दिले आणि काय त्यांना देता आले नाही, हा इतिहास कायद्याच्या अभ्यासकाला उद्बोधक आहेच. घरापासून दूर जाऊन पोट भरणाऱ्या कोणत्याही समाजाला तो जवळचा वाटावा असा आहे.

आपल्याकडे हा खेळ जवळजवळ अपरिचित असल्याने प्रारंभी दोन शब्द सांगणे अवश्य आहे. लंबगोल चेंडू हाती घेऊन प्रतिपक्षाच्या रेषेपलीकडे नेऊन टेकवावयाचा, हे रग्बीचे मूळ रूप. या रग्बीचे दोन पंथ झाले. पंधरा खेळाडूंचा तो रग्बी युनियन आणि तेरा खेळाडूंचा तो रग्बी लीग. पंथभेदाचे कारण मोठे बोलके आहे. उत्तर इंग्लंडातील यॉर्कशायर व लँकेशायर या परगण्यांत खेळणारे लोक प्रायः खाणीत आणि गिरणीत राबणारे होते. सामन्यासाठी ते कामावरून निघाले की त्या दिवसाची मजुरी बुडे. ही बुडालेली मजुरी क्लबाने भरून द्यावी, एवढीच त्यांची मागणी होती. लंडनच्या सधन मंडळींना मात्र खेळासाठी पैसा घेणे हा शुद्ध भ्रष्टाचार वाटे. १८९३ साली ही मागणी मध्यवर्ती सभेपुढे आली, तेव्हा ती १३६ विरुद्ध २८२ मतांनी फेटाळण्यात आली. शेवटी २९ ऑगस्ट १८९५ रोजी हडर्सफील्ड गावातील जॉर्ज हॉटेलात उत्तरेच्या क्लबांनी सभा भरवून आपली चूल वेगळी मांडली. बावीस क्लबांची ही ‘नॉर्दर्न युनियन’ म्हणजेच आजच्या रग्बी लीगची जननी होय. प्रारंभी ठरलेली भरपाई होती दिवसाला सहा शिलिंग. खेळाडूला पोट आहे, हे या खेळाने जन्मतःच मान्य केले. त्याच्या पुढील इतिहासातील बऱ्याच गोष्टी त्या एका कबुलीतून निघाल्या आहेत.

नव्या पंथापुढे लवकरच एक चमत्कारिक पेच उभा राहिला. आंतरराष्ट्रीय सामना खेळावयाचा तर दुसरे राष्ट्र हवे. आणि हा खेळ खेळणारे दुसरे राष्ट्रच नव्हते. उत्तरेच्या क्लबांनी यावर जो तोडगा काढला तो ध्यानात ठेवण्यासारखा आहे. त्या क्लबांतून पैसे घेऊन खेळणारे वेल्श आणि स्कॉटिश खेळाडू बरेच होते. त्यांना एकत्र करून एक संघ उभारण्यात आला आणि त्याला नाव देण्यात आले ‘इतर राष्ट्रीय’! ५ एप्रिल १९०४ रोजी विगन येथे इंग्लंड आणि हा ‘इतरां’चा संघ यांच्यात या पंथाचा पहिला आंतरराष्ट्रीय सामना झाला. त्या वेळी संख्येचा प्रयोग चालू असल्याने दोन्ही बाजूंनी बारा-बाराच खेळाडू होते. सामना इतरांनी ९ विरुद्ध ३ गुणांनी जिंकला. अशा प्रकारे रग्बी लीगचा पहिला आंतरराष्ट्रीय विजय ज्या संघाच्या नावावर आहे, त्या संघाला स्वतःची भूमी नव्हती, ध्वज नव्हता. पोटासाठी देशांतर केलेली माणसे, एवढेच त्याचे राष्ट्रीयत्व.

पुढे तीनच वर्षांनी, १९०७ साली, न्यूझीलंडातील पोस्टात कारकुनी करणाऱ्या आल्बर्ट बास्करव्हिल नावाच्या तरुणाने एक संघ जमवून इंग्लंडच्या दौऱ्यावर नेला. वाटेत सिडनीत सामने झाले, तेथे ऑस्ट्रेलियाचा नामांकित खेळाडू डॅली मेसेंजर या संघाला येऊन मिळाला आणि न्यूझीलंडच्या संघातून इंग्लंडभर खेळला. त्याच्या जन्माचा दाखला कोणी मागितला नाही. लगेच पुढच्या हंगामात तोच मेसेंजर ऑस्ट्रेलियाच्या पहिल्या दौऱ्यात पुन्हा इंग्लंडला गेला. बिचारा बास्करव्हिल दौऱ्यावरून परतताना मे १९०८ मध्ये ब्रिस्बेन येथे न्यूमोनियाने वारला. वय अवघे पंचवीस. त्याने जोडून दिलेले राष्ट्रांचे नाते मात्र टिकले.

‘इतर राष्ट्रीय’ हा संघ दुसऱ्या महायुद्धानंतर पुन्हा उभा राहिला. १९४९ पासून काही वर्षे युरोपीय स्पर्धेत इंग्लंड, वेल्स व फ्रान्स यांच्याबरोबर तो खेळत असे, आणि त्यात इंग्लिश क्लबांतील ऑस्ट्रेलियन, न्यूझीलंडर व स्कॉटिश असे नाना देशींचे लोक असत. सिडनीत जन्मलेला ब्रायन बेव्हन हा त्यांतील सर्वांत मोठा मानकरी. त्याने आपल्या कारकीर्दीत ७९६ वेळा चेंडू रेषेपार टेकवला. तो विक्रम अद्यापि अबाधित आहे. तथापि इंग्लंडातील वॉरिंग्टन गावी जाऊन राहिलेल्या या माणसाला ऑस्ट्रेलियाने आपल्या संघात एकदाही घेतले नाही. जगातला अद्वितीय खेळाडू, पण राष्ट्र कोणते, तर ‘इतर’. जन्मभूमीने त्याच्याकडे पाठ फिरवली होती, आणि कर्मभूमीच्या खात्यात त्याचा जन्म नोंदलेला नव्हता. पात्रतेचा नियम आखडता ठेवला म्हणजे काय घडते, त्याचे हे जुने उदाहरण होय.

खेळाचे राष्ट्रमंडळ फार काळ लहानच राहिले. फ्रान्समध्ये तो जोमाने वाढत असता डिसेंबर १९४१ मध्ये व्हिशी सरकारने हुकूम काढून तेथील संस्था बरखास्त केली आणि तिची मालमत्ता जप्त केली. युद्धानंतर फ्रेंच मंडळींनीच पुढाकार घेऊन १९५४ साली पहिला विश्वचषक भरविला. पण त्यात संघ होते चारच: ब्रिटन, फ्रान्स, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड. पॅरिस येथील अंतिम सामना ब्रिटनने १६ विरुद्ध १२ गुणांनी जिंकला. पाचवे राष्ट्र म्हणून पापुआ न्यू गिनीला आंतरराष्ट्रीय मंडळात १९७४ साली प्रवेश मिळाला, म्हणजे पहिल्या विश्वचषकानंतर दोन दशकांनी. १९९५ च्या शतसांवत्सरिक विश्वचषकात संघ दहा झाले आणि त्यात फिजी, टोंगा व सामोआ यांची नावे प्रथमच झळकली. २००० साली संघ सोळा झाले. या वाढत्या पंगतीला माणसे कोठून आणावयाची, हा प्रश्न आता टाळता येण्यासारखा उरला नव्हता. त्याचे उत्तर पात्रतेच्या नियमाने दिले.

या नियमाची दारे मुख्यतः तीन आहेत. खेळाडूचा जन्म त्या देशात झालेला असावा. किंवा त्याच्या मातापित्यांपैकी अथवा आजा-आजींपैकी कोणाचा तरी जन्म तेथला असावा. किंवा ठरावीक वर्षे त्याने तेथे सलग वास्तव्य केलेले असावे. जन्म, वंश आणि वास. टीकाकार यांतील दुसऱ्या दारावर, विशेषतः आजोबांच्या जन्मावर, तुटून पडतात. आजोबांवरून राष्ट्र ठरवणे ही खेळाची थट्टा आहे, असे त्यांचे म्हणणे.

आपल्याला मात्र या नियमाचे नवल वाटण्याचे कारण नाही. भारताच्या संविधानाचे पाचवे कलम उघडून पाहावे. संविधानाच्या प्रारंभी नागरिक कोण, हे सांगताना तेथे अधिवासाच्या जोडीला हेच तीन पर्याय दिले आहेत: येथे जन्म, मातापित्यांपैकी एकाचा येथे जन्म, किंवा किमान पाच वर्षांचे वास्तव्य. आठवे कलम त्याही पुढे जाते. जो परदेशी राहतो, पण ज्याच्या आईबापांपैकी किंवा आजा-आजींपैकी कोणी एक हिंदुस्थानात जन्मलेले आहे, त्याला परदेशातील आपल्या वकिलातीत नोंद करून नागरिक होण्याची वाट या कलमाने मोकळी केली. गोमंतकाच्या बाबतीत तर १९६२ च्या नागरिकत्व आदेशाने स्पष्टच म्हटले की, २० डिसेंबर १९६१ पूर्वी जो स्वतः, किंवा ज्याच्या मातापित्यांपैकी अथवा आजा-आजींपैकी कोणी, या प्रदेशात जन्मलेला आहे, तो त्या दिवसापासून भारताचा नागरिक समजला जाईल. ज्याला ते नको असेल त्याने मुदतीत तसे लिहून द्यावे. ज्या समाजातील माणसे मुंबई, कराची, आफ्रिका येथे विखुरलेली होती, त्याला कायद्यात बसवावयाचे तर आजोबांचा आधार घेणे भागच होते. तात्पर्य, ज्या राष्ट्रांतील माणसे मोठ्या संख्येने घराबाहेर आहेत, त्यांना आजोबांची जन्मनोंद आवश्यक ठरते.

तरीही टीकाकारांचा पक्ष दुबळा समजणे न्यायाचे होणार नाही. हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयाने ६ एप्रिल १९५५ रोजी नॉटेबोम प्रकरणात दिलेला निर्णय त्यांच्या बाजूने उभा करता येईल. नॉटेबोम हा जन्माने जर्मन. १९०५ पासून ग्वाटेमालात व्यापार करून राहिलेला. १९३९ साली त्याने घाईघाईने लिख्टेनश्टाइन या चिमुकल्या संस्थानाचे नागरिकत्व मिळवले. पुढे त्या संस्थानाने त्याच्या वतीने ग्वाटेमालाविरुद्ध दाद मागितली, तेव्हा न्यायालयाने ती नाकारली. कागदावरचे राष्ट्रीयत्व पुरेसे नाही. माणसाचे जीवन, त्याचे हितसंबंध, त्याच्या भावना यांचा त्या राष्ट्राशी खराखुरा संबंध असला पाहिजे, असा त्या निर्णयाचा आशय. ही कसोटी लावली तर ऑकलंडमध्ये वाढलेला सामोअन नातू कोठे बसतो? त्याचे घर, शाळा, उपजीविका सर्व न्यूझीलंडात. मग त्याचा सामोआशी संबंध खरा की सोयीचा?

या प्रश्नाच्या उत्तराचा एक धागा ऑस्ट्रेलियातच सापडतो. न्यू साउथ वेल्स आणि क्वीन्सलँड या दोन राज्यांत फार वर्षांपासून सामने होत. खेळाडू ज्या राज्यातील क्लबाकडून खेळे, त्याच राज्याच्या संघात त्याची निवड होई. न्यू साउथ वेल्समध्ये १९५६ साली क्लबांना जुगाराची यंत्रे ठेवण्यास परवानगी मिळाली, तिजोऱ्या भरल्या आणि क्वीन्सलँडचे उत्तमोत्तम खेळाडू पैशासाठी सिडनीला गेले. परिणामी क्वीन्सलँडचीच मुले न्यू साउथ वेल्सच्या पोशाखात आपल्या गावकऱ्यांना हरवू लागली. सामन्यांतला राम निघून गेला. अखेर ८ जुलै १९८० रोजी ब्रिस्बेनच्या लँग पार्कवर नियम उलटा करून पाहण्यात आला: क्लब कोणताही असो, जो जेथे प्रथम वाढला व खेळला त्या राज्याकडून त्याने उतरावे. सिडनीच्या पॅरामाटा क्लबातून खेळणारा पस्तीस वर्षांचा आर्थर बीटसन त्या दिवशी क्वीन्सलँडचा नायक म्हणून मैदानात आला आणि क्वीन्सलँडने २० विरुद्ध १० गुणांनी सामना जिंकला. ‘स्टेट ऑफ ओरिजिन’ या नावाने ही मालिका आज त्या देशातील सर्वांत लोकप्रिय क्रीडाप्रसंगांत गणली जाते. मनुष्य जेथे पैसा मिळवतो तेथलाच तो होतो, हा समज त्या एका संध्याकाळी लोकांनीच खोटा ठरवला.

आता बेटांकडे वळू. १९१४ साली न्यूझीलंडने जर्मनीकडून पश्चिम सामोआ घेतला. १९१८ साली ऑकलंडहून ‘टालून’ नावाची बोट इन्फ्लुएंझा घेऊन आपिया बंदरात आली, तिला न्यूझीलंडच्या प्रशासनाने रोखले नाही, आणि त्या साथीत सामोआची सुमारे एक पंचमांश प्रजा मेली. १ जानेवारी १९६२ रोजी, म्हणजे गोवा मुक्त झाल्यानंतर पंधरवड्याच्या आत, सामोआ स्वतंत्र झाला. दरम्यान न्यूझीलंडच्या कारखान्यांना मजूर हवे होते. बेटांवरून हजारो माणसे ऑकलंडला गेली. पुढे मंदीचे दिवस येताच हीच माणसे डोईजड वाटू लागली. १९७० च्या दशकात भल्या पहाटे पोलीस घरोघर धाडी घालीत आणि मुदत संपलेल्या बेटकऱ्यांना पकडीत. या धाडींबद्दल न्यूझीलंडच्या पंतप्रधानांनी जाहीर क्षमा मागितली, ती २०२१ साली.

या काळात फालेमाई लेसा नावाच्या एका सामोअन स्त्रीवर मुदतीपेक्षा अधिक काळ राहिल्याचा ठपका आला. तिने उलट प्रश्न केला: माझा जन्म न्यूझीलंडच्या अमलात झाला असेल, तर मी परकी कशी? प्रकरण लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेले आणि जुलै १९८२ मध्ये निर्णय तिच्या बाजूने लागला. १९२४ ते १९४८ या काळात पश्चिम सामोआत जन्मलेले लोक न्यूझीलंडचे नागरिक ठरत होते. न्यूझीलंडच्या संसदेने काय करावे? काही आठवड्यांतच नवा कायदा करून तिने त्या निर्णयाचा परिणाम पुसून टाकला. न्यायालयाने दिलेले नागरिकत्व संसदेने त्याच वर्षी काढून घेतले. त्या पिढीतील हयात वृद्धांना ते परत मागण्याचा मार्ग खुला करणारा कायदा २०२४ मध्ये संमत झाला. तोवर त्यांतले बहुतेक काळाआड गेले होते.

सामोअन नातवाचा आजोबांच्या भूमीशी खरा संबंध आहे काय, असे जे विचारतात, त्यांनी हा इतिहास नजरेआड करू नये. ज्यांना घरात ठेवून घेतले पण घरचे मानले नाही, त्यांच्या मुलाबाळांनी भाषा, चर्च, कुटुंबाची रीत यांच्या आधारे आपली बेटे परमुलखात जिवंत ठेवली. नॉटेबोमचा लिख्टेनश्टाइनशी संबंध अर्जापुरता होता. या नातवांचा संबंध घराच्या उंबरठ्याआत रोज पाळला जात होता. हेगच्या न्यायालयाची कसोटीच लावावयाची, तरी या दोहोंत भेद करावा लागेल.

तथापि खेळाच्या मैदानावर या संबंधाला फार काळ किंमत नव्हती. ऑकलंड आणि सिडनी येथे वाढलेली ही मुले अंगाने धिप्पाड, चपळ आणि कष्टाळू. मोठ्या क्लबांनी त्यांना उचलले. एकदा का खेळाडूने ऑस्ट्रेलिया वा न्यूझीलंड निवडले, की लहान राष्ट्राचे दार त्याला सहजी उघडत नसे. मोठ्या संघात मान होता, मानधन होते. लहान संघाकडे प्रवासखर्चाचीही भ्रांत. मग चांगला खेळाडू काय करील? लोटे तुकिरी याने २००० च्या विश्वचषकात फिजीचे नेतृत्व केले आणि पुढच्याच वर्षी तो ऑस्ट्रेलियाकडून खेळू लागला. सुव्हा येथे जन्मलेला पेटेरो सिव्होनिसेव्हा दशकभर ऑस्ट्रेलियाचा आधारस्तंभ राहिला. जन्मभूमी फिजीचे नेतृत्व त्याच्या वाट्याला २०१३ साली, कारकीर्द मावळल्यावर आले. या दोघांना दोष देण्यात अर्थ नाही. रोपे बेटांची, फळे परक्यांची, अशी ती व्यवस्थाच होती.

याच काळात नियमाचा दुरुपयोग होतो, अशीही ओरड होती, आणि ती सर्वस्वी निराधार नव्हती. २००० च्या विश्वचषकातील लेबनॉनचा संघ बहुतांशी सिडनीतील लेबनीज कुटुंबांच्या मुलांचा होता. २०१३ साली जेम्स टेडेस्को इटलीकडून खेळला. पुढे तोच ऑस्ट्रेलियाचा कर्णधार झाला आणि २०२२ मध्ये त्याने विश्वचषक उचलला. इटलीत ज्या खेळाला फारसे कोणी ओळखत नाही, त्या खेळात इटलीच्या नावाने ऑस्ट्रेलियन मुले उतरावीत, यात थोडी विसंगती आहे, हे मान्य केले पाहिजे. परंतु लेबनॉनचे पुढे काय झाले तेही पाहावे. परदेशी वाढलेल्या त्या संघाच्या पाठोपाठ काही वर्षांतच खुद्द लेबनॉनमधील विद्यापीठांतून हा खेळ सुरू झाला, आणि २०१७ मध्ये त्यांचा संघ उपांत्यपूर्व फेरीत टोंगाकडून अवघ्या दोन गुणांनी, २२ विरुद्ध २४ असा, हरला.

२०१७ चा तो विश्वचषक येईतो नियमाला नवे वळण मिळाले होते. ऑस्ट्रेलिया, इंग्लंड व न्यूझीलंड ही तीन मोठी राष्ट्रे एका पायरीवर मानून, त्यांपैकी एकाकडून खेळलेल्या माणसाला, पात्रता असल्यास, लहान राष्ट्राकडेही वळता येऊ लागले. एका स्पर्धेत दोन राष्ट्रे नाहीत, आणि मोठ्या राष्ट्रांतल्या राष्ट्रांत उड्या नाहीत, ही बंधने राहिली. बदल दिसावयास लहान, परिणाम मात्र फार मोठा. ऑकलंडमध्ये जन्मलेला जेसन टाउमालोलो न्यूझीलंडचा हुकमी खेळाडू होता, सिडनीचा अँड्र्यू फिफिटा ऑस्ट्रेलियाला हवा होता. दोघांनीही मोठे मानधन बाजूस सारून टोंगाचा लाल पोशाख चढवला. ११ नोव्हेंबर २०१७ रोजी हॅमिल्टन येथे मध्यंतरापर्यंत टोंगा न्यूझीलंडविरुद्ध २ विरुद्ध १६ असा मागे होता. सामना त्याने २८ विरुद्ध २२ असा जिंकला. उपांत्य सामन्यात इंग्लंडविरुद्ध शेवटच्या काही मिनिटांपर्यंत शून्यावर असलेल्या या संघाने अठरा गुण मिळवले आणि तो २० विरुद्ध १८ असा निसटता हरला. जेमतेम एक लाख वस्तीचे हे राज्य! २०१९ मध्ये त्याच खेळाडूंनी एका आठवड्यात प्रथम ब्रिटनला आणि नंतर ऑस्ट्रेलियाला नमवले.

सामोआची कथा याहून विलक्षण. २०२२ मध्ये इंग्लंडात झालेल्या विश्वचषकाच्या पहिल्या सामन्यात इंग्लंडने त्यांना ६० विरुद्ध ६ असे चिरडले. टीकाकारांना आयतेच निमित्त मिळाले. चार आठवड्यांनी, १२ नोव्हेंबरला, उपांत्य सामन्यात पुन्हा इंग्लंडशीच गाठ पडली. वेळ संपली तेव्हा गुण समान होते. वाढीव वेळेत आपिया येथे जन्मलेल्या स्टीफन क्रायटनने चेंडू खांबांमधून मारला आणि सामोआ २७ विरुद्ध २६ असा अंतिम फेरीत गेला. अंतिम सामना ऑस्ट्रेलियाने ३० विरुद्ध १० असा जिंकला खरा. परंतु प्रशांत महासागरातील बेटांपैकी एखाद्या राष्ट्राने अंतिम फेरी गाठण्याची ती पहिलीच वेळ. क्रायटन, जरोम लुआय आणि ब्रायन टोओ हे तिघे त्याच वर्षी न्यू साउथ वेल्सकडून राज्यांच्या मालिकेतही खेळले होते. कर्मभूमीसाठी राज्याचा पोशाख आणि कुळासाठी राष्ट्राचा पोशाख. दोहोंपैकी एकही ऋण त्यांना नाकारावे लागले नाही.

येथेच लेख संपवला तर चित्र रमणीय दिसेल, पण ते अपुरे राहील. वर सांगितलेला टोंगाचा विजय कोठे झाला? न्यूझीलंडात. सामोआचा? इंग्लंडात. खेळाडू बहुतांशी कोठे घडले? सिडनी आणि ऑकलंडच्या शाळांत, मोठ्या क्लबांच्या पैशावर. नियमाने राष्ट्राला संघ दिला. मैदान, पंच, शिक्षक, हिशेब ठेवणारी संस्था या गोष्टी नियमातून उत्पन्न होत नाहीत. २०१९ मध्ये टोंगाचे खेळाडू आणि त्यांची राष्ट्रीय संस्था यांच्यात प्रशिक्षकाच्या नेमणुकीवरून इतके विकोपाला गेले की, आंतरराष्ट्रीय मंडळाने संस्थेला निलंबित केले. ऑस्ट्रेलियाला हरवणारा तो ऐतिहासिक संघ अधिकृतपणे टोंगाचा राष्ट्रीय संघ नव्हता. ‘टोंगा निमंत्रित संघ’ या नावाने तो खेळला. पुढील वर्षी संस्थेची हकालपट्टीच झाली. खेळाडू जगज्जेत्यांना भारी ठरावेत आणि त्यांच्या मागे उभी राहणारी संस्था मोडून पडावी, हा विरोधाभास विचार करावयास लावणारा आहे.

याच्या उलट उदाहरण पापुआ न्यू गिनीचे. तेथे हा खेळ ऑस्ट्रेलियनांनी नेला, पण रुजवला तो तेथील लोकांनी. तो त्यांचा राष्ट्रीय खेळ आहे. १९९० साली गोरोका गावी त्यांनी स्वतःच्या मातीवर, स्वतःच्या माणसांच्या बळावर ब्रिटनला २० विरुद्ध १८ असे हरवले. या देशाला आजोबांच्या नोंदीची फारशी गरज पडली नाही. उणीव होती ती संधीची. ऑस्ट्रेलियातील व्यावसायिक स्पर्धेत २०२८ पासून पापुआ न्यू गिनीचा संघ घेण्याचे डिसेंबर २०२४ मध्ये जाहीर झाले आणि त्यासाठी ऑस्ट्रेलियन सरकारने दहा वर्षांत ६० कोटी डॉलर देण्याचे मान्य केले. यात चीनच्या वाढत्या प्रभावाला आळा घालण्याचे राजकारण आहे, हे उघड आहे. तरीही तेथील मुलाला घर न सोडता त्या पंक्तीला बसण्याची वाट यामुळे प्रथमच दिसू लागली. ज्या बेटांची माणसे पांगली त्यांना एक औषध लागते, जेथे माणसे घरीच आहेत तेथे दुसरे. पात्रतेचा नियम कितीही उदार केला तरी ही दोन्ही कामे त्या एकट्याकडून व्हावयाची नाहीत.

मग निवाडा काय? प्रस्तुत लेखकाच्या मते आजोबांचे दार उघडे राहणे न्यायाचे आहे. लहान राष्ट्रांची माणसे मोठ्या राष्ट्रांनी मजूर म्हणून नेली, त्यांच्या मुलांच्या अंगबळावर आपले संघ सजवले. त्या मुलांनी मनात आणले तर परत फिरता यावे, एवढीच सवलत या नियमात आहे. परंतु दाराबरोबर एक दायित्वही जोडले पाहिजे. नातवांच्या पराक्रमातून जे उत्पन्न होते त्याचा ठरीव वाटा बेटांवरील शाळांना आणि मैदानांना जावा. मोठ्या राष्ट्रांनी लहानांच्या भूमीवर जाऊन नियमाने सामने खेळावेत. आणि राष्ट्रीय संघात घरच्या मातीत वाढलेल्यांसाठी काही जागा राखून असाव्यात.

हा विचार आपल्या वाचकांना परका वाटू नये. आपल्या कित्येक कुटुंबांचे वास्तव्य एका प्रांतात, उपजीविका दुसऱ्यात, आणि कुलदैवत गोमंतकातील एखाद्या गावी. चार पिढ्यांपूर्वी मंगळूरकडे वा मुंबईला गेलेल्या घराण्यातला माणूस देवळात येऊन आपले कूळ सांगतो, तेव्हा त्याला कोणी उपरा म्हणत नाही. महाजन म्हणून त्याचा हक्क वंशाने येतो. मात्र जत्रेच्या खर्चाची, सभामंडपाच्या डागडुजीची वर्गणी निघाली म्हणजे पत्र त्यालाही जाते. आणि वर्षानुवर्षे जो त्या पत्राला उत्तर देत नाही, त्याचे नाव वहीत राहिले तरी गावाच्या तोंडी राहत नाही.

कचेरीत कागद घेऊन येणाऱ्या तरुणाचे काम माझ्या हातून जेवढे होण्यासारखे असते, तेवढे मी करून देतो. तो त्याचा हक्क आहे. जाताना मात्र मी त्याला विचारतो, आजोबांचे घर अजून उभे आहे काय, आणि पावसाळ्याआधी त्याची कौले कोण परततो? कित्येकांना ते ठाऊक असते. ज्यांना ठाऊक नसते ते घरी जाऊन विचारतात, असे मला वाटते.